गुळगुळीतकाका आणि चाकांची फळी

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळी गल्ली गुळगुळीतकाका म्हणते. नाव मुलांनी ठेवलं आणि मोठ्यांनी उचललं, कारण ते दोन्हीकडून लागू पडतं. काका लाकडी सामानाला पॉलिश करतात, हे एक. त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, हे दुसरं. "बाकी सगळ्याला मी हात लावला," असं ते स्वतःच सांगतात, "डोकं तेवढं आपोआप झालं."

पंधराव्या वर्षी ते एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला लागले. तिथल्या मिस्त्रींनी पहिलं वर्षभर त्यांना पॉलिशच्या डब्याला हात लावू दिला नाही. नुसतं घासायचं. आधी जाड पॉलिश पेपर, मग मध्यम, मग बारीक, मग त्याहून बारीक. दुसऱ्या वर्षी मिस्त्रींनी एक खुर्ची समोर ठेवून विचारलं, "झाली का?" काकांनी बोट फिरवून सांगितलं, "झाली." मिस्त्री म्हणाले, "बोटाला काय कळतंय? बोटं निबर झालीत तुझी. गाल लाव." काकांनी गाल लावला आणि पुन्हा घासायला बसले. तेव्हापासून आजवर ते प्रत्येक वस्तूला गाल लावून पाहतात. कोर्टातल्या मोठ्या मेजाला, वाचनालयाच्या बाकांना, नाटकगृहाच्या जिन्याच्या कठड्याला, एकदा तर एका पियानोला त्यांनी गाल लावलेला आहे. कठड्याच्या वेळी पहारेकऱ्याला वाटलं होतं की या माणसाला चक्कर आली.

त्यांचा आणखी एक नेम आहे. दुसऱ्यासाठी केलेली वस्तू ते स्वतः कधी वापरून पाहत नाहीत. शेकडो खुर्च्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण एकीवरही ते टेकले नाहीत. "आपण करणारे. बसणारा वेगळा," एवढंच ते म्हणतात.

कारखान्यात फवारणीची यंत्रं आली तेव्हा काका घरी बसले. बसले म्हणजे नावाला. इमारतीच्या तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली आहे, ती त्यांनी मागून घेतली. तिथे चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पापुद्र्यांच्या, बरण्या आहेत, स्पिरिटचे डबे आहेत आणि मलमलीत कापूस गुंडाळून केलेले बोळे रांगेने मांडलेले आहेत. स्पिरिटचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. आमच्याकडे प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला वाटतं, खाली दवाखाना आहे.

घरात आता पॉलिश न झालेलं काही उरलेलं नाही. झाडूचा दांडा, छत्रीची मूठ, हातोडीचा दांडा, कपाटावर ठेवलेलं एक निकामी रेडिओचं खोकं. माझी काठीही त्यांनी मागून नेली आणि तीन दिवसांनी अशी काही आणून दिली की ती भिंतीला टेकवून ठेवली तर सरकत जाऊन आडवी होते. मी त्यांना अजून हे सांगितलेलं नाही. त्यांच्या सुनेच्या उशाशी एक तिवई आहे. तिच्यावरून तिचा फोन ही हकीकत घडेपर्यंत चार वेळा घसरून खाली पडला होता. तिनेही सांगितलेलं नाही. ती म्हणते, "छान झालंय, बाबा." मग ते मान हलवतात. नऊ वर्षांत या दोघांचं मोठ्यातलं मोठं संभाषण एवढंच. सासरा मितभाषी आणि सून कामाच्या घाईत. त्यांची एकमेकांवरची माया वस्तूंच्या मार्फत ये-जा करते.

सून चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी बसते की नाही, नाकावर फ्रेम टोचते का, हे बघणं तिचं काम. हात मोठा हलका आहे. माझा चष्मा तिनेच बसवला. रोज पहाटे साडेपाचला ती बूट घालून फिरायला जायची आणि सातला परत यायची. कधी कोपर खरचटलेलं, कधी गुडघा. माझ्यासमोर काकू, म्हणजे तिच्या सासूबाई, एकदा म्हणाल्या, "बाई, मी पुष्कळ माणसं चालताना बघितलीत. पण चालायला जाऊन एवढी पडणारी बाई मी पाहिली नाही!"

"रस्ता खराब आहे, आई," सून म्हणाली.

"मग दुसऱ्या रस्त्याने जा की! का त्याच खड्ड्याशी तुझी मैत्री झालीय?"

एका शुक्रवारी संध्याकाळी खड्ड्याचा उलगडा झाला. जेवायच्या टेबलाभोवती ती चौघं बसली होती आणि मी त्यांची वाटी परत द्यायला म्हणून गेले होते. सून आत गेली, एक लांबट कापडी पिशवी घेऊन आली आणि पिशवीतून एक फळी काढून तिने टेबलावर ठेवली. दोन्ही टोकं जरा वर वळलेली, खाली चार छोटी चाकं.

"हा माझा स्केटबोर्ड," ती म्हणाली. "गेली पाच वर्षं मी फिरायला जात नाहीये. बंद मंडईच्या मागे फरसबंदी अंगण आहे ना, तिथे मी हा चालवते."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्याला हे आधीपासून माहीत होतं, पण तोंडात घास असल्याचा त्याने पुरेपूर फायदा घेतला.

काकूच आधी सावरल्या. "बाई, तुम्ही सांगा. हे काय असतं?"

चाळीस वर्षं शाळेत घालवल्यामुळे मला एवढं ठाऊक होतं. स्केट म्हणजे चाकं पायाला बांधायची. स्केटबोर्डमध्ये चाकं फळीला असतात आणि पाय मोकळे. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्याने जमीन मागे ढकलायची आणि वेग आला की तोही वर घ्यायचा. वळायचं तर सुकाणू नाही, हँडल नाही, ब्रेक नाही. अंगाचा भार ज्या कुशीला टाकाल तिकडे फळी वळते.

"म्हणजे धरायला काहीच नाही?"

"काहीच नाही, आई."

"आणि म्हणायचं काय? स्केटबोर्ड खेळतात, चालवतात, का करतात?"

हाही प्रश्न माझ्याकडेच आला. मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. आमच्या शाळेची मुलं म्हणायची 'स्केटबोर्ड खेळतो'. दुकानदार म्हणतो 'चालवायला सोपा'. ज्यांना खरोखर येतो ती नुसतं 'बोर्ड' म्हणतात आणि पुढे क्रियापदाच्या भानगडीतच पडत नाहीत. "आज बोर्ड?" "हो, सहाला." झालं.

"मी 'फळीवर जाते' असं म्हणणार," काकूंनी निकाल दिला. "शेजारच्यांनी विचारलं तर सांगता येईल. सून कुठे गेली? फळीवर गेली."

मग सुनेने खरी गोष्ट सांगितली. जुन्या बस डेपोमागे स्केटिंगचं नवं मैदान झालं होतं. तिथे नवशिक्यांना शिकवायला एक शिक्षक हवा होता. रविवारी सकाळी दहाला चाचणी. वयाची अट छत्तीस वर्षांपर्यंत, आणि तिला पुढच्या महिन्यात सदतिसावं लागणार होतं.

"अकरा वर्षं मी लोकांची नाकं बघतेय," ती म्हणाली. "वाईट नाहीये ते. पण आई, मला हे यावं म्हणून मी इतकी पडलेय... पुन्हा अशी चाचणी निघाली तरी मला तिथे उभं राहू देणार नाहीत. ही एकच आहे."

सगळ्यांनी टेबलाकडे बघितलं.

काका मात्र फळीच्या कडेवर बोट फिरवत होते. "पदर आहेत ह्याला," ते म्हणाले.

"सात, बाबा. सात पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून दाबलेत. मेपलच्या लाकडाचे."

"मेपल!" काका असे म्हणाले, जशी काही माहेरची माणसं भेटली. "मी आयुष्यात एकदाच केलंय मेपल." आणि त्यांनी फळी उलटीसुलटी करून पाहिली. खालची बाजू ओरखड्यांनी भरलेली होती. वरच्या बाजूला काळा, खरखरीत कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवलेला. त्यांनी सवयीने गाल खाली नेला आणि चटकन मागे घेतला. ते काहीतरी विचारणार होते, पण तेवढ्यात सुनेचा फोन तिवईवरून पाचव्यांदा पडला आणि ती धावत आत गेली.

काकांनी तो प्रश्न विचारला असता तर मला ही हकीकत लिहावी लागली नसती.

शनिवारी सून दुकानात गेली. दहाच्या सुमारास काका बगलेत फळी धरून जिना उतरताना मला दिसले. चेहऱ्यावर असं तेज होतं की मी विचारलं, "काय बेत?"

"बाई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "कुणीतरी अर्धवट काम करून दिलंय पोरीला. घासायचा कागद घासून झाल्यावर काढायचा असतो, हे काय सांगायला लागतं? ह्या पठ्ठ्याने वरतीच चिकटवून ठेवलाय! पाच वर्षं बिचारी त्याच्यावर उभी राहतेय. एका शब्दाने बोलली नाही."

मला खरंच वाटलं, असेल तसं. लाकडाच्या बाबतीत काकांवर अविश्वास दाखवणं म्हणजे घड्याळवाल्याला वेळ सांगणं.

दिवसभर जिन्यात स्पिरिटचा घमघमाट होता. काकांनी कागद गरम करून पट्ट्यापट्ट्यांनी खरवडून काढला. खालचं लाकूड चार वेगवेगळ्या नंबरांच्या कागदांनी क्रमाने घासलं. मग बोळ्याने चपड्याचे हात दिले. एक हात, वाळू द्यायचा, पुन्हा एक हात. मी मोजले नाहीत, पण दुपारी चहा द्यायला काकू खाली गेल्या तेव्हा सतरावा हात चालू होता आणि काका गुणगुणत होते. काकू वर येऊन म्हणाल्या, "माझ्या लग्नानंतर एवढे खुशीत पहिल्यांदा बघितलेत. लग्नात नव्हते."

संध्याकाळी सून आली तेव्हा टेबलावर मलमलीचं कापड घातलेलं होतं. काकांनी आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी कापड एका टोकाने उचललं.

खोटं कशाला सांगू, वस्तू डोळे दिपवणारी झाली होती. मधासारखा रंग, आत खोलवर उतरत गेलेल्या लाकडाच्या रेषा, आणि वर दिव्याचं प्रतिबिंब, खिडकीचं प्रतिबिंब, आमच्या पाचही जणांची तोंडं.

सून फळीवर वाकली. "बाबा," ती हळू म्हणाली, "ह्यात माझा चेहरा दिसतोय."

"दिसणारच."

"उद्या मला ह्याच्यावर उभं राहायचंय."

"राहा की! पाय पुसून राहा म्हणजे झालं."

तिने फळी मधल्या पॅसेजमध्ये नेली, खाली ठेवली, बूट घालून एक पाय वर ठेवला आणि दुसरा उचलला. पुढचं सगळं एका श्वासात झालं. पाय एकीकडे, फळी दुसरीकडे. फळी पॅसेजभर सुसाट जाऊन माझ्या दारावर आपटली आणि सून जिथे होती तिथेच बसली, पण जमिनीवर.

काका धावले. "लागलं का?"

"नाही, बाबा." तिने वर बघितलं. "तो काळा कागद कुठाय?"

"तो... तो काढला. घासायचा राहिलेला..."

"तो घासायचा नव्हता, बाबा. तो धरायचा होता. बुटांचे तळवे त्यालाच धरून राहतात. तो नसला तर बोर्ड म्हणजे ओली फरशी."

मी काकांना कोर्टाच्या मेजावर कुणीतरी शाईची दौत सांडल्याची बातमी आली त्या दिवशी पाहिलं होतं. त्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता. ते खाली गेले आणि कचऱ्याच्या डब्यातून काळ्या पट्ट्यांचा चोळामोळा घेऊन आले. जुळणारं काही नव्हतं. नवऱ्याने दुकानाला फोन लावला. असलं सामान ठेवणारं गावात एकच दुकान, तेही तोवर बंद झालेलं आणि रविवारी बारानंतर उघडणारं. चाचणी दहाला.

काकू म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाची माग."

"ज्यांची मागायची तेच उद्या माझ्यासमोर उभे राहणारेत, आई." आणि मग सुनेला, काय झालं कोण जाणे, हसू यायला लागलं. "सतरा हात! बाबा, तुम्ही सतरा हात दिलेत?"

"एकोणीस," काका म्हणाले आणि खाली बसले.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती हसत राहिली, आणि त्या हसण्याने काका आणखीनच कानकोंडे झाले. शेवटी म्हणाले, "तो कागद म्हणजे एका प्रकारचा पॉलिश पेपरच ना?"

"तसाच."

"मग माझ्याकडे दुसरं आहे काय? सगळे नंबर आहेत. सकाळी पाचला कामाला लागतो."

रविवारी सहाला मला पॅसेजमधल्या आवाजाने जाग आली. दार उघडून पाहते तो काका माझ्या उंबऱ्याशी मांडी घालून बसलेले. समोर फळी. आयुष्यात प्रथमच ते स्वतःचं पॉलिश स्वतःच्या हाताने खरवडत होते, कारण इतक्या गुळगुळीत अंगावर डिंक धरत नाही. तोंडाने पुटपुटणं चालू होतं, "गेला एकोणीस... गेला अठरा..." चांभार बुटाचा तळ चिकटवतात तो पिवळा डिंक त्यांनी आणून ठेवला होता. प्रश्न उरला होता कागदाच्या नंबराचा; नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत. साठ, ऐंशी, का दीडशे?

"लावून बघितल्याशिवाय कळणार नाही," सून म्हणाली. "पाय कसे धरतात ते मला खाली बसून बघायचंय. तुम्ही उभे राहता, बाबा?"

"मी करणारा. उभा राहणारा वेगळा," काका म्हणाले. संकटातही नेम सुटला नाही.

मग नवरा उभा राहिला. साठ नंबरचा तुकडा नुसता चिकटपट्टीने लावला होता. नवऱ्याची जुनी चप्पल त्यावर अशी रुतली की तो पुढे गेला आणि चप्पल मागे राहिली. "फार धरतो!" तो ओरडला. "हा सासुरवाडीसारखा आहे, सोडतच नाही!"

"माझ्या माहेराला काही बोलायचं काम नाही," सून म्हणाली. "दीडशे लावा."

दीडशे नंबर लावला. काकू दारातून सूचना देत होत्या, "अरे, कमरेत वाक! तुझ्या बापासारखा ताठ उभा राहू नकोस!" तो वाकला. दीडशे नंबर बारीक निघाला. फळी पुढे सटकली आणि आमचा लिफ्टवाला, जो रोज लोकांना वर नेतो आणि खाली आणतो, तो एकदाच आणि थेट खाली आला, बुडावर. असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय, कपाट हलवताय का?"

"हो! चालतंबोलतं!" काकू ओरडल्या आणि तोंडावर पदर धरून भिंतीला टेकल्या. सून फरशीवर बसून पोट धरून हसत होती. मीही हसत होते, चष्मा काढून. आडवा पडलेला नवराही हसत होता आणि मधेच "आई गं" म्हणत होता. एकटे काका गंभीर. ते म्हणाले, "म्हणजे ऐंशी."

ऐंशी नंबर बरोबर निघाला. काकांनी फळीला डिंक लावला, कागदाच्या पाठीला लावला, दोन्ही जरा सुकू दिले आणि तांबूस तपकिरी कागद असा बसवला की सांधा कुठे आहे ते मला भिंग लावूनही दिसलं नसतं. कडा कानशीने मोडल्या. सुनेने त्यावर उभं राहून डावीकडे झोल दिला, उजवीकडे दिला, दोन्ही टाचा घट्ट राहिल्या. "धरतंय," ती म्हणाली. "बाबा, मस्त धरतंय!"

सगळं मार्गी लागलं असं वाटलं, आणि तेवढ्यात सुनेच्या लक्षात आलं. चाचणीचे दोन भाग होते. पहिल्यात स्वतःचं कसब दाखवायचं. दुसऱ्यात प्रत्येक उमेदवाराने आपल्यासोबत एक कोरा माणूस आणायचा, ज्याने जन्मात स्केटबोर्डवर पाय ठेवलेला नाही. त्याला दहा मिनिटांत शिकवून एका पांढऱ्या रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत न धरता पाठवायचं. हा कोरा माणूस नवरा असणार होता. आता तो कोराही राहिला नव्हता आणि उभाही राहू शकत नव्हता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी काठी दाखवली. मग सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना विचारा, ते हो म्हणाले तर मी येते."

मग सून काकांसमोर उकिडवी बसली. "बाबा, बसणारा वेगळा हे मला माहितीये. पण आज माझ्याकडे दुसरं कोणी नाही."

काकांनी डिंकाने माखलेले हात पाहिले. पुसले. "कपडे कुठले घालू?" त्यांनी विचारलं.

मैदान सिमेंटचं होतं, मधे मोठ्या वाडग्यांसारखे खोलगट उतार. उमेदवार पाच. बाकीचे चौघे विशीतले. परीक्षक एक ठेंगण्या, आखूड केसांच्या बाई होत्या, गळ्यात शिट्टी. आमची वरात आत शिरली तेव्हा सगळे बघत राहिले: पुढे सून, मागे मुलाचे कॅनव्हासचे बूट पुढे कागद कोंबून घातलेले काका, मग काकू, काठी टेकत मी आणि सगळ्यात मागे एका कुशीवर चालणारा नवरा.

एका उमेदवाराने सुनेचा बोर्ड पाहिला. "ताई, हा सुताराचा कागद लावलाय का?"

"सुताराचा नव्हे," काका म्हणाले, "पॉलिशवाल्याचा."

पहिल्या भागात मी सुनेला प्रथमच फळीवर पाहिलं. रोज माझ्या नाकावर चष्मा सारखा करणारी, हळू बोलणारी ही मुलगी उताराच्या काठावर उभी राहिली, खाली झुकली आणि गेली. ती खाली उतरली, समोरच्या उतारावर चढली, अगदी कडेला क्षणभर थांबली जशी काही विचार करतेय परत यावं की नाही, आणि वळून आली. काकू माझा दंड इतका घट्ट धरून होत्या की दुसऱ्या दिवशी वळ दिसला. "फळीवर गेली," त्या पुटपुटत होत्या. "बाई, खरंच गेली हो!"

पण बाकीचेही चांगले होते. एक तर तिच्याहून उंच उडाला. हे सुनेलाही दिसलं, कारण ती आमच्याकडे आली तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. आता सगळं दुसऱ्या भागावर होतं.

इतरांचे कोरे लोक म्हणजे कुणाचा भाऊ, कुणाचा मित्र. ते आले, एकदा दोनदा पडले, तीन जण गेले रेषेपर्यंत. एक तर इतका सहज गेला की परीक्षक बाईंनी भुवया उंचावून विचारलं, "तू खरंच कोरा आहेस?" मग काकांचं नाव पुकारलं. हेल्मेट दिलं. ते घातलं आणि लगेच फिरून एका कानावर आलं. सरळ केलं, दुसऱ्या कानावर गेलं. त्या डोक्यावर ते ठरेचना. शेवटी काकूंनी आपला हातरुमाल आत कोंबला. "इथेही ऐंशी नंबर लावायला हवा होता," नवरा म्हणाला.

"वय?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"अडुसष्ट. हे चालेल ना?"

"अट शिकवणाऱ्याला आहे, शिकणाऱ्याला नाही," त्या म्हणाल्या आणि घड्याळ चालू केलं.

शिकवणं म्हणजे काय हे मला थोडंफार कळतं, म्हणून सांगते. इतर उमेदवारांनी आपापल्या माणसांना 'घाबरू नका' म्हणून सांगितलं. सुनेने सांगितलं नाही. तिने फळी मैदानाच्या कडेच्या गवतावर ठेवली, जिथे चाकं फिरत नाहीत, आणि काकांना वर चढवलं. "बाबा, डोळे मिटा. तुम्ही गाल लावून बघता ना? तसं आता तळव्यांनी बघा. कुठे जड वाटतंय?"

काका डोळे मिटून उभे राहिले. "उजव्या टाचेवर."

"मग भार कुठे द्यायचा?"

"पुढे. मधे." त्यांनी गुडघे हलकेच वाकवले. "ही हलते, सूनबाई."

"हलायलाच आहे ती. हलू द्या."

सात मिनिटं गवतावर गेली. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली, एक उमेदवार हसला. मलाही वाटलं, आता वेळ संपणार. मग तिने फळी सिमेंटवर, पांढऱ्या रेषेशी आणली, काकांचे दोन्ही हात धरले आणि त्यांना दोन पावलं मागे, दोन पावलं पुढे नेलं. "पायाकडे बघायचं नाही. समोरच्या रेषेकडे बघा. आणि बाबा, पडलात तर मी आहे."

"तू पाच वर्षं पडलीस," काका म्हणाले, "मी एकदा पडलो तर काय बिघडतं? सोड."

तिने हलकेच पुढे लोटून सोडलं.

काका निघाले. गुडघे वाकलेले, हात दोन्ही बाजूंना पंखासारखे, हेल्मेटमधून रुमालाचं टोक लोंबतंय. फार वेग नव्हता. पोराने खेळण्यातली गाडी हळूच लोटावी तेवढाच. पण मधे धरायला काहीच नव्हतं, आणि ते जात होते. अर्ध्यावर फळी जरा उजवीकडे वळली. काकूंनी डोळे झाकले. काकांनी भार डावीकडे टाकला आणि फळी सरळ झाली. रेषा आली. रेषा गेली. काका रेषेपलीकडे पाच पावलं जाऊन आपोआप थांबले आणि तसेच उभे राहिले, पंख उघडे ठेवून.

मैदानात सगळ्यात आधी ओरडल्या त्या काकू. मग सगळेच ओरडले. बाकांवर बसलेल्या दोन बायका, ज्या आपल्या मुलांना सोडायला आल्या होत्या, उठून उभ्या राहिल्या. त्यातली एक मोठ्याने म्हणाली, "अगं, हे आपल्यालासुद्धा शिकवतील का?" तिच्या मागून एका आजोबांनीही हात वर केला, शाळेत करतात तसा.

परीक्षक बाई बाजूला उभ्या असलेल्या दोघा मदतनिसांशी काहीतरी बोलल्या. काहीच मिनिटं लागली असतील. मला तास वाटला. सून फळीशेजारी काकांचा एक हात धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते. शेवटी बाई कागद आणि पेन घेऊन स्वतः चालत आल्या.

"उंच उडणारे मला पुष्कळ मिळतील," त्या म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी सातला पहिली तुकडी. तुमचं पूर्ण नाव सांगा."

सून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पेन घ्यायला हात मोकळा करावा म्हणून ती म्हणाली, "बाबा, आता उतरा ना."

काका उतरले नाहीत. त्यांनी उलट पाय आणखी नीट रोवले, समोरची सिमेंटची मोकळी जमीन पार कुंपणापर्यंत डोळ्यांनी मोजली आणि परीक्षक बाईंना म्हणाले, "दोन मिनिटं थांबा हां, बाई, ती सांगेल नाव." मग सुनेकडे वळून, हळूच नव्हे, चांगलं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, आता एकदा जोरात ढकल."